भाऊजींचा पुढचा कोर्स

आमच्या भाऊजींइतका लाजणारा माणूस तापीच्या अल्याड-पल्याड दुसरा झाला असेल असं मला वाटत नाही. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. धुळ्याच्या एका तेलगिरणीत ते हिशेबनीस होते. एसटीत आपला थांबा आला तरी कंडक्टरला सांगायची त्यांना लाज वाटे, म्हणून ते पुढच्या थांब्यावर उतरून उन्हातून चालत मागे येत. धरणगावजवळच्या आमच्या गावी आले की आई वरण-बट्टीवर तुपाची धार धरायची. तिला पुरे म्हणायची लाज वाटून भाऊजी ते सगळं तूप पिऊन टाकत आणि दुपारभर पोट धरून ओट्यावर पडून राहत. लग्नात अक्काने उखाण्यात त्यांचं नाव घेतलं तेव्हा ते इतके लाल झाले की भटजींनी पाणी मागवलं होतं.

अशा माणसाने कम्प्युटरचे कोर्स करायला घ्यावेत हे नवल, पण त्याचं कारणही लाजच होतं. एका दिवाळीला गिरणीच्या शेठनी पूजेनंतर पेढा हातावर ठेवता ठेवता म्हटलं, "पुढे ही सगळी कीर्दखतावणी कम्प्युटर करणार, बरं का." शेठ सहज बोलले असतील, पण बोलताना त्यांनी भाऊजींकडे पाहिलं. घरी येऊन भाऊजी जेवले नाहीत. नोकरी जाण्यापेक्षा त्यांना दुसरीच भीती होती. समजा उद्या ते यंत्र गिरणीत आलं, शेठनी सगळ्यांसमोर "चालवा" म्हटलं, आणि आपल्याला आलं नाही तर? तेव्हापासून त्यांनी एक नियम ठरवला. आधी सर्टिफिकेट, मग हात लावायचा.

धुळ्यात ओळखीचं कोणी पाहील म्हणून ते कोर्सची चौकशी करायला जळगावला माझ्याकडे येत. मी तेव्हा जळगावात नोकरीला होतो. रविवारी सकाळी आम्ही क्लासच्या पाट्या शोधत निघायचो. पाटी सापडली की भाऊजी समोरच्या पानटपरीआड उभे राहत आणि मला आत पाठवत. "मित्रासाठी विचारतोय म्हणा," असं बजावत. एकदा आतल्या बाईंनी सगळं नीट सांगितलं, खिडकीतून बाहेर पाहिलं आणि विचारलं, "मित्र म्हणजे ते टपरीमागे वाकून बघतायत तेच ना? त्यांना आत बोलवा, पंखा आहे." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाहेर येऊन पाहतो तर भाऊजी दोन गल्ल्या पुढे गेलेले.

पहिल्यांदा त्यांनी बेसिक नावाच्या कम्प्युटरच्या भाषेचा कोर्स केला. तो संपत आला तेव्हा कोणीतरी म्हणालं, खरं काम कोबोल या भाषेत असतं. कोबोल झालं तर बँकेतले एक गृहस्थ म्हणाले, आता डीबेस लागतं. डीबेसची परीक्षा देऊन आले त्या संध्याकाळी लोटस नावाच्या नव्याच कोर्सची जाहिरात आली. प्रत्येक कोर्स संपला की तो जुना व्हायचा, आणि भाऊजींना आपल्याजवळ शिळं काहीतरी असल्याची लाज वाटायची. मग माहितीपत्रकं घेऊन ते सासुरवाडीला येत, जाजमावर पसरून बसत आणि घरातल्या प्रत्येकाला विचारत, कोणता घेऊ? माझे वडील, ज्यांना सगळे आबा म्हणत, जन्मभर कपाशी पेरत आलेले. त्यांनी एकदा पत्रकं उलटीसुलटी करून पाहिली आणि म्हणाले, "जवाईबापू, कोनतं लवकर पिकस? तेच ल्या." भाऊजींनी तो सल्ला गंभीरपणे घेतला आणि तीन महिन्यांचा कोर्स निवडला.

जळगावच्या क्लासमध्ये त्यांचं अक्षर प्रसिद्ध होतं. त्या काळी यंत्र एकच असे, काचेच्या थंड खोलीत, पडद्याआड. चपला-बूट बाहेर काढून आत जावं लागे. भाऊजींच्या मोज्याला अंगठ्याशी भोक होतं. त्यामुळे ते सगळ्यात मागे उभे राहत आणि पोरं पुढे सरकायला लागली की म्हणत, "बसा तुम्ही, मला दिसतंय." अक्काने मोजा शिवून दिला, तर शिवण दिसेल म्हणून मागेच राहिले. प्रोग्राम मात्र कागदावर पेन्सिलीने असे सुरेख लिहीत की मास्तर ते वर्गात फिरवत. परीक्षाही कागदावरच. भाऊजी प्रत्येक वेळी पहिल्या वर्गात पास झाले. सर्टिफिकेटं त्यांनी भिंतीवर लावली नाहीत. कोणी काही विचारलं तर, म्हणून अक्काच्या ट्रंकेत शालूखाली ठेवली.

पण आबांच्या तोंडाला कुलूप कोण लावणार? "आमना जवाई बठ्ठं शिकेल शे," म्हणजे सगळं शिकलाय, असं ते बाजारात, लग्नात, दहाव्यालासुद्धा सांगत. ते चोपड्याच्या नानांच्या कानावर गेलं. नाना म्हणजे आबांचे जुने स्नेही, केळीचे बागायतदार आणि तिथल्या एका पतसंस्थेचे चेअरमन. संस्थेने नुकताच कम्प्युटर आणला होता. तो सुरू करायला पाहुणे म्हणून त्यांनी भाऊजींना बोलावलं. नाही म्हणायची लाज वाटून भाऊजी हो म्हणाले.

आम्ही सगळे गेलो. मंडप होता, सभासद होते, यंत्राला झेंडूचा हार होता. भाऊजींनी नारळ फोडला, कुंकू लावलं. मग नाना म्हणाले, "आता संस्थेचं नाव उमटवा, बापू." भाऊजी खुर्चीत बसले आणि तसेच बसून राहिले. कानामागून घाम उतरताना मला दिसत होता. वीज जावी म्हणून मी देवाला विनवलं. एरवी रोज जाणारी वीज त्या दिवशी हलली नाही. मागे कोणीतरी खोकलं. आबा मिशीला हात लावून जमिनीकडे पाहू लागले. मला तर तिथून उठून सरळ केळीच्या बागेत शिरावंसं वाटलं.

भाऊजी उठून उभे राहिले. हात जोडले. आवाज अगदी बारीक निघाला. "मला याच्याबद्दल पुष्कळ माहीत आहे. पण मी याला कधी हात लावलेला नाही. सुरू कसं करतात तेही मी पाहिलेलं नाही. मी मागे उभा असायचो."

अक्काने पदर तोंडाला लावला. नाना मात्र खुर्ची पुढे ओढून तिच्यात ऐसपैस बसले आणि म्हणाले, "मंग आज करा ना, बापू. आम्ही बठ्ठा बसेल शेतस."

भाऊजींनी यंत्राच्या चारी बाजूंनी बोटं फिरवली. मागच्या बाजूला बटण सापडलं. पडदा उजळला. एकेक अक्षर शोधत त्यांनी संस्थेचं नाव दाबलं, आणि खाली यंत्राने इंग्रजीत काहीतरी उत्तर दिलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. "काय म्हणतंय?" नानांनी विचारलं. भाऊजींना खोटं सांगता आलं असतं, पण ते म्हणाले, "हुकूम चुकीचा आहे म्हणतंय."

"बरोबर शे," नाना म्हणाले. "वसुलीला गेलो की लोकही असंच म्हणतात." मंडप हसला. त्या हसण्यात भाऊजी मान खाली घालून उभे होते, आणि ते मला बघवेना.

परतीच्या एसटीत अमळनेर आलं. मग भाऊजी खिडकीकडे तोंड करूनच म्हणाले, "नानांनी रविवारी येऊन बसा म्हटलंय. यंत्र रिकामंच असतं म्हणे." अक्का एवढंच म्हणाली, "मग जा."

ते जाऊ लागले. धुळ्याहून चोपडा, दर रविवारी. कोर्स सगळे बंद झाले. लोटसनंतर कोणतं चांगलं याची चौकशीही त्यांनी सोडली. पुढे गिरणीतही कम्प्युटर आला आणि शेठनी तो भाऊजींच्याच टेबलावर ठेवला. चोपड्याला जाणं मात्र चालूच राहिलं. तिथे जाऊन काय करता असं विचारलं, की ते लाजून विषय बदलत.

एकदा लग्नाच्या निमित्ताने मी आणि अक्का चोपड्याला होतो; मला रात्री तिच्याकडेच धुळ्याला मुक्काम करायचा होता. रविवार होता. अक्का म्हणाली, चल, ह्यांना घेऊनच जाऊ. पतसंस्थेचं दार अर्धं उघडं होतं. आत भाऊजी उभे होते आणि संस्थेचे कारकून, गावातल्या बँकेतले दोघे, शाळेतल्या एक बाई असे सगळे यंत्राभोवती जमले होते. "घाबरता काय? दाबा," भाऊजी मोठ्यांदा म्हणत होते. "चुकलं तर चुकलं. ते काही चावत नाही. तुम्ही मागे का उभे? पुढे या, इथे बसा." एका कारकुनाला तर त्यांनी हाताला धरून खुर्चीत बसवलं. इतका मोठा आवाज त्यांना आहे हे मला माहीत नव्हतं. मी दार ढकलणार तोच अक्काने माझा हात धरला.

आम्ही तसेच मागे फिरलो आणि स्टँडवर जाऊन रसवंतीच्या बाकावर बसलो. रस समोर आला तरी अक्का पीत नव्हती. "हाक मारली असती तर बरं झालं असतं," मी म्हणालो. "एकाच गाडीने गेलो असतो."

"नको," ती म्हणाली. "मला पाहिलं असतं तर लाजले असते रे ते."

धुळ्याची गाडी लागली. आम्ही दोघंच चढलो. सुटेपर्यंत ती खिडकीतून त्या रस्त्याकडे पाहत राहिली.