एक महिना आधीचा पोळा

हे मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही — आणि तिला न विचारता मी साधी चप्पल घेत नाही, यावरून काय ते समजा.

नव्वदच्या दशकात मी नगरला कॉम्प्युटर क्लास चालवायचो. पुण्याचा एक मित्र हिंदी कॅलेंडरचं सॉफ्टवेअर मराठीत आणत होता. मराठी माणसाला आपोआप काय दिसावं, ते ठरवायचं काम माझ्याकडे. पडद्यावर प्रश्न आला : महिना पौर्णिमेला संपतो की अमावास्येला? उत्तरेकडे पौर्णिमेला, आपल्याकडे अमावास्येला. खूण आधीच पौर्णिमेवर होती. मी — स्वतःला शहाणा समजणारा मी — न वाचताच एंटर दाबलं. भजी गार होत होती ना!

तेवढ्यानं काय बिघडतं? श्रावणी अमावास्या, म्हणजे आपला बैलपोळा, महिनाभर आधी येतो — एवढंच.

पहिली छापील प्रत दिली पुणतांब्याला, सासऱ्यांना. आबांनी भिंतीवरचं जुनं कॅलेंडर उतरवून ती टांगली. जावयाच्या कॉम्प्युटरचं!

पोळ्याच्या जेवणाला मी पोचलो, तेव्हा आबा बैलांची शिंगं रंगवून, झुली चढवून, हलगीवाल्यासकट वेशीत उभे. दुसरा एकही बैल नाही. पारावरून कुणीतरी ओरडलं, "आबा, आज दिव्याची आवस हाय! बैलांचं लगीन काढलं का काय?"

माझ्या डोक्यात उजेड पडला. मग मी काय केलं — चूक माझी, म्हणालो? छे. घरी पळालो, कॅलेंडर काढून पिशवीत कोंबलं. आबा आल्यावर मायेनं म्हणालो — तुम्हाला नीट दिसलं नसेल, पोळा पुढच्या महिन्यात होता.

कॅलेंडर कुठंय, हेही त्यांनी विचारलं नाही. "असंल बापू. वय झालं," म्हणाले, आणि पारावर जाऊन सांगितलं, "माझंच वाचायला चुकलं. जावयाचं मशीन बराबर हाय." वर स्वतःच इतके हसले, की हलगीवाल्यानं ताल धरला. "पुरण शिजलंय, बैलं सजल्यात — चला समदे!" अख्खा पार आमच्या ओसरीवर जेवला. महिन्यानं खरा पोळा, पुन्हा पुरणपोळी. मी दोन्ही वेळा मागून घेतली.

सॉफ्टवेअरमधली खूण मी गुपचूप अमावास्येवर नेली. आबांनी मात्र त्याच आठवड्यात डोळे तपासून घेतले. डॉक्टर म्हणाला, नंबर नाही. आबा म्हणाले, "नसू द्या. साध्या काचा बसवा."

त्यानंतरच्या प्रत्येक फोटोत आबा खळखळून हसताहेत, नाकावर चष्मा. तो त्यांना मी लावलाय.