पेपरातला मास्टरमाइंड

ती घटना आजही डोळ्यांसमोर आहे, आणि त्यातली चोरी कमी, पेपरातला एक शब्द जास्त आठवतो. त्या काळी आमच्या भागातल्या बातमीदारांना 'मास्टरमाइंड' या शब्दाचं भलतंच वेड होतं. शेळी चोरणारा सापडला तरी दुसऱ्या दिवशी तो 'टोळीचा मास्टरमाइंड' व्हायचा, मग टोळीत तो एकटाच का असेना!

पोलीस खात्यात माझी नेमणूक जाफराबाद भागात होती. विहिरींवरच्या पाण्याच्या मोटारी चोरीला जात होत्या. खबऱ्याने सांगितलं, की बसस्टँडजवळच्या मोटार दुरुस्तीच्या दुकानात चोरीचा माल आहे. आम्ही पंच घेऊन गेलो. शेतकऱ्याने आपली मोटार ओळखली, पंचनामा झाला आणि मिस्त्रीला चौकशीसाठी ठाण्यात आणलं. बातमीदाराने त्याला दारात पाहिलं. सकाळी पेपरात मथळा आला, 'मोटार चोरीचा मास्टरमाइंड जेरबंद'.

मिस्त्रीच्या मुलीची सोयरीक धावड्याला जमली होती. पेपर तिथे पोहोचला आणि दुपारीच निरोप आला, लग्न थांबवा.

मिस्त्री रडकुंडीला आला होता. खोटं बोलणारा पाठ केल्यासारखं धडाधड सांगतो. हा अडखळत होता. मोटार कोणी आणली, मी विचारलं.

"नाव न्हाई माहीत साहेब. पण खंडेनवमीला आल्ता. आजच उघडून द्या, जल्दी हाये म्हणला. म्या म्हणलं, आज पूजा मांडली, हत्याराला हात लावत न्हाई. तर माझ्यावरच तापला. मोटार टाकून गेला. त्याच्या जीपला हारबी नव्हता."

मी खुर्चीत सरळ बसलो. खंडेनवमीला आपल्याकडे मोटारीला कुंकू लावतात, ती उघडायला कोणी आणत नाही. ज्याला ती घरात ठेवायची भीती, तोच आणणार! जीपस्टँडवर चौकशी केली. त्या दिवशी सगळ्या जीपा पूजा करून उभ्या होत्या, त्यामुळे बिनहाराची जीप कोणी काढली, हे चालकांना बरोबर आठवत होतं. तो चालक ठाण्यात आल्यावर फार वेळ टिकला नाही. बाकीच्या मोटारी त्याने कडब्याखालून काढून दिल्या.

मिस्त्री सुटला, पण लग्न अडकलेलंच होतं. मी बातमीदाराला म्हटलं, "नवी बातमी नंतर छाप. आधी माझ्यासोबत धावड्याला चल."

मिस्त्रीही सोबत होता. नवऱ्या मुलाच्या आईने बातमीदाराला थेट विचारलं, "भाऊ, मास्टरमाइंड म्हंजे काय वो?"

तो कावराबावरा झाला. "काकू, म्हंजे... जो आधी सापडला तो. आम्ही तसंच लिहून राह्यलो. यांना म्या विचारलंच न्हाई. चूक माझी हाये."

ओट्यावर हशा पिकला. मुलाच्या वडिलांनी मिस्त्रीचा हात धरला. "व्याही, आमचंबी चुकलं. आधी तुम्हालाच विचाराया पाह्यजे होतं." मिस्त्रीच्या डोळ्यांत पाणी आलं. मलाही इतकं बरं वाटलं, की दिलेला चहा मी दोनदा घेतला.

हल्ली मास्टरमाइंड मोबाइलवरच ठरतो, पेपरची वाटही कोणी पाहत नाही. चौकशीला आणलेला माणूस आरोपी नसतो, हे जगाला पोलिसानेच ठणकावून सांगायचं, हे मी त्या प्रकरणात शिकलो.

लग्नाची बातमीही त्याच बातमीदाराने दिली. वधूपित्याच्या नावापुढे त्याने एवढंच लिहिलं होतं, 'मोटार मिस्त्री'. ते कात्रण दुकानात काच लावून टांगलेलं आहे. जाफराबादला गेलो की मी ते अजूनही वाचून येतो.