फळ्यावरची न पुसलेली पायरी

धामणकर नाक्यावर शेअर रिक्षातून माझी बॅग उतरवताना बाबा म्हणाले, "आपल्या गावचा कोन यवऱ्या लांब शिकाया गेला न्हाय. नाव काढ." मी हो म्हटलं आणि काठमांडूला निघाले. हो म्हणायला काय जातंय!

शेजारपाजारच्या देशांतल्या गणितवाल्यांनी मिळून एक संस्था काढली होती. ती आमच्यासारख्यांना एकमेकांच्या देशात संशोधनाला पाठवायची. मला एक वर्ष मिळालं होतं. दुसरं मिळणार की आमच्या गावी, अंजूरला परत, हे संस्थेच्या वर्षअखेरच्या मेळाव्यातल्या माझ्या व्याख्यानावर होतं. इकडे आईनं तर 'पोरगी डॉक्टर होऊनच येणार' असं गावभर सांगून ठेवलेलं.

तुम्हाला ठाऊकच आहे, मी गावातली हुशार मुलगी. हुशार मुलीला अडून कसं चालेल? सिद्धतेतली एक पायरी काही केल्या जमेना, तेव्हा व्याख्यानात मी फळ्यावर तिथं ठोकून दिलं, 'हे उघड आहे.' आमच्या धंद्यातली ही जुनी चोरवाट.

समोर बसलेले ढाक्याचे म्हातारे प्राध्यापक चष्मा पुसत म्हणाले, "उघड कसं, बेटी? मला तर दिसत नाही."

रेटून न्यावं असं क्षणभर वाटलं. शेवटी म्हटलं, "सर, मलाही येत नाही." संपलं, आता बॅग भरायची.

पण त्या मंडळींची एक रीत होती. अडलेली सिद्धता फळ्यावरून पुसायची नाही, मेळावा संपेपर्यंत तशीच ठेवायची. चहाचा कप घेऊन जाणारा कुणीही थांबायचा, खडू उचलायचा. कोलंबोच्या बाईंनी माझी पायरी कुठे मोडते ते उदाहरण देऊन दाखवलं. माझ्या नेपाळी मैत्रिणीनं एक जास्तीची अट घातली. तिसऱ्या दिवशी प्रमेय आधीपेक्षा लहान उरलं, पण खरं उरलं. दुसरं वर्षही मिळालं. मी बाथरूममध्ये जाऊन पोटभर रडले.

मग बूथवरून घरी फोन लावला. "बाबा, मला एकटीला नाही आलं. सगळ्यांनी मिळून सोडवलं."

बाबा हसतच सुटले. "आगं, मना त तुजा चौथीचा गनित पन कलत नव्हता. तू अडलीस का जवल येऊन बसायचो न् नुसती मान डोलवायचो मी. तुला सांगनार कसा?"

इतकी वर्षं मान डोलवणारा माझा बाप! मला हसूही येईना नि रडूही.

आता अंजूरच्या आमच्या शेतात गोदाम उभं आहे, मी परदेशात शिकवते. घर कुठं असं कुणी विचारलं, तर सांगते, जिथं 'मला येत नाही' म्हटल्यावर माणसं खुर्ची जवळ ओढून बसतात. अशी दोनच ठिकाणं मला मिळाली. त्यातलं एक अंजूरला होतं, हे कळायला मला काठमांडू गाठावं लागलं.