पानांएवढी भिंत

‘निसर्गकन्या’ म्हणे! सन्मानपत्रावर सोनेरी अक्षरांत छापलेला हा शब्द वाचला की आजही माझ्या डोक्यात तिडीक जाते. माझी नणंद कुणाची कन्या-बिन्या नव्हती. लेबलं छापणाऱ्या कारखान्यात ती एकतीस वर्षं शाई मिसळत होती आणि उरलेल्या वेळात खिडकीबाहेर बघत होती. नणंदेची बाजू घेऊन भावजय भांडायला उभी राहते, म्हणजे प्रकरण कुठल्या थराला गेलं असेल ते तुम्हीच ओळखा.

आमची पहिली चकमक लग्नानंतरच्या आठवड्यातली. माझा लाकडी डाव गायब झाला. शोधत शोधत तिच्या खोलीत गेले, तर बाईसाहेब कागदाच्या पाठीवर तोच डाव घासत बसलेल्या.

“वन्सं, तो माझा डाव आहे.”

“होता,” ती म्हणाली. मान काही वर केली नाही.

छपाईचं यंत्र घरात आणायला ना जागा होती ना ऐपत, म्हणून ती डावाच्या गुळगुळीत पाठीनं चित्रं छापायची. बत्तीस वर्षांत तिनं माझे सात डाव गिळंकृत केले. मीही प्रत्येक वेळी घर डोक्यावर घेतलं आणि दुसऱ्या दिवशी नवा डाव आणला.

तिचं काम असं: लिनोचा, म्हणजे रबरासारख्या मऊ लादीचा, एक तुकडा. त्यावर सुरीनं थोडं कोरायचं, फिकी शाई लावून सगळे कागद छापायचे. मग त्याच तुकड्यावर आणखी कोरायचं, आधीच्या छापावर गडद शाईचा छाप घ्यायचा; कोरलेल्या जागी आधीचा रंग तसाच राहतो. मग परत कोरायचं. दर रंगाला तुकडा खाल्ला जायचा. एकदा कोरलं की कोरलं, मागे फिरायची सोय नाही. वाढीव प्रतही काढता येत नाही, कारण आधीचा तुकडा उरलेलाच नसतो. मी म्हणायचे, “काय हा द्राविडी प्राणायाम!” ती म्हणायची, “तुझी चपाती तरी कुठं परत कणीक होते?”

आणि चित्रं कसली? अळीनं खाल्लेली पानं. वाळलेली शेंग. गटाराकडेचं गवत. लोकांना दिवाणखान्यात फुलं हवीत, हिच्या पानांना भोकं. आमचे हे, म्हणजे तिचे धाकटे बंधू, येईल त्या पाहुण्याला सांगायचे, “ताईला धड पान कधी सापडतच नाही.” पाहुणे हसायचे. मीही हसायचे, खोटं कशाला सांगू.

तिचा एकच नियम होता. समोर दिसत नाही ते कोरायचं नाही. ह्यांनी एकदा हौसेनं सांगितलं, “फोटो काढून ठेवतो, निवांत कोर.” तर म्हणाली, “फोटोनं बघितलं. मी कुठं बघितलं?”

तिच्या खिडकीसमोर आमच्या मागच्या अंगणाची भिंत आहे. त्या भिंतीवर एक वेल होता, कुणी न लावलेला. मला तो बघवत नसे. त्याच्या पानांनी मोरीची जाळी तुंबायची, पालींना तर माहेरच मिळालेलं. ती मात्र वर्षानुवर्षं त्याच्याकडे बघत राहिली. कागदावर घेत नव्हती. का, विचारलं तर म्हणे, “अजून पुरता दिसला नाही.” अखेर अडुसष्टाव्या वर्षी दिसला. तोवर बोटांचे सांधे आखडले होते. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की सुरी आता फार दिवस धरवणार नाही.

“एवढा वेल होऊ दे,” ती मला म्हणाली, “मग या सुऱ्या तुला. लसूण सोल.”

बारा कागद. आधी पिवळा छापला, मग पोपटी, मग गडद हिरवा. कोरताना तिचा हात इतका दुखायचा की दात आवळलेले मला दारातून दिसत. चौथा रंग राहिला होता, सावल्यांचा. त्यासाठी शेवटचं कोरायचं होतं.

तेवढ्यात ते कलामंडळ उगवलं. तीस वर्षांत ज्यांनी हिच्या दाराची कडी वाजवली नाही, त्यांना अचानक सत्काराचा उमाळा आला. कार्यक्रम घरीच करू म्हणाले. सचिव अंगणात फिरला, भिंतीपाशी थांबला आणि म्हणाला, “मागे जरा स्वच्छ भिंत हवी. फोटोत ताई उठून दिसल्या पाहिजेत.” निसर्गाची चित्रं काढणाऱ्या बाईचा सत्कार, आणि अडचण कसली, तर वेलाची! आमचे हे लगेच म्हणाले, “होऊन जाईल.” हुरळून गेले होते नुसते.

ती बोटांत इंजेक्शन घ्यायला दोन दिवस इस्पितळात होती. रंगारी आला. दुपारपर्यंत वेल मुळासकट बाहेर आणि भिंत पांढरी.

संध्याकाळी मी ह्यांना नाही नाही ते बोलले. “फुटेल की परत,” ते म्हणाले. त्यावर माझा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला असेल. आता खरं सांगते, इतकी आग एकट्या ह्यांच्यावर नव्हतीच. शिडी लावून रंगाऱ्यानं मला विचारलं होतं, “बाई, वेल काढू ना?” माझ्या हातात तुंबलेली जाळी होती. मी म्हणाले, “विचारतोस काय, काढ.”

ती आली, खिडकीत उभी राहिली. सत्काराच्या दिवशी त्या भिंतीपुढे उभी राहिली, सन्मानपत्र घेतलं. सचिवानं ‘पानापानांत जीव ओतला’ वगैरे तारे तोडले. फोटो छान आले. मेली एकदा तरी ओरडली असती! आम्हाला फाडून खायला हवं होतं तिनं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं भिंतीचा एक पोपडा खरवडून आणला आणि काचेवर पांढरी शाई घोटायला बसली. चिमूटभर पिवळी घातली, पोपड्याशेजारी धरून पाहिली, परत घोटली. एकतीस वर्षं हेच तर केलं होतं. अगदी भिंतीचा रंग जुळला. मग सुरीला हातही न लावता, गडद हिरवा छापलेल्या त्याच लिनोवर तिनं तो रंग फिरवला आणि कागद ठेवून डाव घासू लागली. एकेका कागदावर गडद हिरवी पानं बुजत गेली. राहिल्या पिवळ्या शिरा, पोपटी कडा, आणि मध्ये पानांएवढी भिंत.

“वन्सं, अहो, हे काय करताय?”

“दिसतंय ते छापतेय.”

अकरा झाले. बारावा कागद तिनं स्वतः नेमका बसवला आणि डाव माझ्यापुढे धरला. “हा तू घास.”

“मी?”

“काढ म्हणाली होतीस ना? रंगाऱ्यानं सांगितलं.”

आवाज चढला नव्हता. मी घासलं. ती घासते तसंच, कोपऱ्यापासून, दाबून, एकही जागा न सोडता. कागद उचलला तेव्हा माझ्याच्यानं तिकडे बघवेना.

तिनं बाराही कागद दोरीवर वाळत घातले. मग मोरीत जाऊन डाव साबणानं दोनदा धुतला, पदराला पुसला, स्वयंपाकघरात आली आणि माझ्या हातात दिला.

“घे,” म्हणाली. “तुझा आहे.”