जनूभाऊंचं ‘तूच’

जनूभाऊंच्या एका पायात तपकिरी चप्पल असे आणि दुसऱ्या पायात काळी. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, देवळातून निघताना गफलत झाली असेल. मी तसं म्हटलंही. त्यावर ते शांतपणे म्हणाले, "गफलत कसली? दुकानात दोन जोड पसंत पडले. एक घ्यायचा नि एक तितंच ठेवायचा, ह्यो काय न्याय झाला?" म्हणून त्यांनी दोन्ही जोड घेतले होते आणि दोन्ही सारखे झिजावेत म्हणून एकेका जोडातली एकेक चप्पल घालत होते. कर्जतच्या बाजारात त्याचं हसू होई, पण त्यांना त्याची फिकीर नसे.

गंमत म्हणजे हा माणूस कर्जत स्टेशनात सांधेवाला होता. येणारी गाडी खोपोलीच्या फाट्याला वळायची की घाट चढायला निघायची, ते त्यांच्या हातानं होई. आणि हॉटेलात पोऱ्यानं "चहा की कॉफी?" विचारलं की हे म्हणत, "जे जास्त केलं आसंल ते दे." मी एकदा त्यावरून त्यांना छेडलं. ते म्हणाले, "तितं मास्तर सांगतो कुटला सांधा लावायचा. मी निसता खटका वढतो. गाडी खोपोलीला गेली म्हनून पुन्याची मानसं माज्यावर रुसत नाय." कुणी रुसू नये, एवढंच त्यांना आयुष्यात हवं होतं. नाही म्हणणं त्यांना जमतच नसे. "नाय म्हनून तोंड कशाला इटाळायचं?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

अशा माणसाकडे भिसेगावच्या आमच्या कबड्डी संघाचा कारभार होता. मी त्या संघात डावा कोपरा सांभाळत असे. कारभार वर्षानुवर्षं सुरळीत चालला, कारण निवडण्यासारखं काही नव्हतंच. सातही गडी ठरलेले. चढाईला बळीराम. तो दम घेऊन पलीकडे गेला की रिकाम्या हातानं परतत नसे. आणि राखीव म्हणून विठू.

विठू भाताच्या गिरणीत कामाला होता. संघात आला तेव्हापासून राखीव. राखीवाची गरज कधी पडली नाही, म्हणून तो आमच्या चपला सांभाळी, घड्याळं खिशात ठेवी, लिंबं चिरी आणि बाद होऊन आलेल्याच्या हातात ओला पंचा देई. मैदानात पाऊल टाकायची वेळ त्याच्यावर एकदाही आली नाही. कधी तोंड पाडून बसला की जनूभाऊ त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणत, "विठू, पुडचं इंजान फोटूत, मागचं घाटात." घाट चढताना गाडीला मागून इंजिन लागतं हे कर्जतच्या पोराला सांगायला नको. विठू तेवढ्यावर समाधान मानी आणि पुन्हा लिंबं चिरायला घेई.

विठूचं लग्न जनूभाऊंनीच जमवलं. मुलगी कळंबची. बोलणी चालू असताना मुलीचे वडील हिराजीशेट यांनी विचारलं, "पोरगा गिरनीत हाय ते समजलं. आनखी काय?" जनूभाऊ म्हणाले, "खेळतो ना. आमच्या संघात त्याच्याबिगर पान हालत नाय." खोटं म्हणाल तर खोटं नव्हतं. विठू नसता तर आम्ही अनवाणी घरी गेलो असतो. पण हिराजीशेटना ते बोलणं एवढं आवडलं की त्यांनी ते कळंबभर केलं. जावई मोठा खेळाडू आहे हे तिकडे घरोघर माहीत झालं.

वैशाखात लग्न झालं आणि भाताची झोडणी आटोपल्यावर कळंबलाच सामने ठरले. आम्ही अंतिम सामन्यात पोचलो. पलीकडे यजमान कळंबचाच संघ. सामना तोंडावर आला आणि बळीरामला गालफुगी झाली. दोन्ही गाल भोपळ्यासारखे. त्याला साधं "पाणी" म्हणता येईना, तो "कबड्डी" काय म्हणणार? त्याच्या आईनं त्याच्या गालांना लेप लावून त्याला कोपऱ्यात बसवलं.

आता विठू होताच. पण त्याच सुमारास सुरेश आमच्यात आला होता. खोपोलीहून मामाकडे राहायला आलेला, मिसरूड नुकतं फुटलेलं, अंगाला तेल लावल्यासारखा निसटणारा. सरावात आम्हा सात जणांना त्याचा पाय काही सापडत नसे. खरा सामना त्यानं एकही खेळलेला नव्हता, पण डोळे असलेल्या कुणालाही कळत होतं की विठूपेक्षा तो शंभर पटीनं सरस आहे. जनूभाऊंनाही कळत होतं. त्यांनी मला सांगितलं, "सुऱ्याच खेळंल. इठूला मी घरी जाऊन समजावतो."

ते गेले. विठूच्या बायकोनं तांदळाची भाकरी आणि बोंबलाची चटणी वाढली. वाढता वाढता म्हणाली, "भाऊ, माजा बाबा खुर्ची टाकून फुडं बसनार हाय. आयेनं नारळ काढून ठेवलाय ओवाळायला." जनूभाऊंनी भाकरी संपवली, हात धुतला आणि विठूला म्हणाले, "तूच."

मग आता सुरेशला समजावायला हवं म्हणून ते त्याच्या मामाकडे गेले. तिथं मामीनं घावणे केले होते. सुरेश म्हणाला, "भाऊ, आईला खोपोलीस्नं बोलावलंय. तिनं मला कदी खेळताना बघितलाच नाय." जनूभाऊंनी दोन घावणे खाल्ले आणि त्यालाही म्हणाले, "तूच."

दुसऱ्या दिवशी हे सगळं मला सांगताना त्यांचा चेहरा रडकुंडीला आला होता. मी म्हटलं, "आता एकाला तरी नाही सांगावं लागेल." ते म्हणाले, "आपन कोन सांगनारे? देवीला इचारू." गावदेवीला कौल लावायचा म्हणजे तिच्या दोन्ही खांद्यांवर पाण्यानं एकेक फूल चिकटवायचं, मनातलं गाऱ्हाणं घालायचं आणि कुठल्या बाजूचं फूल आधी पडतं ते बघत बसायचं. उजवं विठूचं, डावं सुरेशचं. आम्ही बसलो. गुरवानं गाऱ्हाणं घातलं. घटका गेली, दोन गेल्या, ऊन गाभाऱ्यातून बाहेर गेलं, तरी फुलं जागची हलेनात. जनूभाऊ हळूच पुढे सरकले. गुरव म्हणाला, "फुकर मारायची नाय जनू." जनूभाऊ म्हणाले, "दोन्ही बाजूला सारकीच मारतो." गुरवानं त्यांना हाताला धरून बाहेर काढलं. "देवीनं सांगितलंय," तो म्हणाला, "तुमचं तुमी बगा." माझ्या मते देवीचा स्वभावही थोडाफार जनूभाऊंसारखाच असावा.

सामन्याच्या दिवशी आम्ही टेंपोत बसून कळंबला निघालो. विठू आणि सुरेश शेजारी शेजारी, दोघंही चढाई करणार म्हणून खुशीत. बळीरामचा एक नंबरचा बनियन जनूभाऊंच्या पिशवीत. त्यांनी ती पिशवी सगळा रस्ताभर पोटाशी धरली होती.

मैदानावर फक्कीच्या रेघा ताज्या मारलेल्या. रेघेला लागूनच हिराजीशेट खुर्चीत बसलेले, डोक्याला नवा फेटा. मागे विठूची सासू, बायको आणि अर्धं कळंब. दुसऱ्या बाजूला सुरेशची आई. पंचांनी शिट्टी वाजवून सात गडी मागितले. आम्ही सहा जण उभे राहिलो. जनूभाऊंनी बनियन बाहेर काढला आणि हातात धरून तसेच थांबले. पंच पुन्हा शिट्टी वाजवू लागले.

सुरेशनं हात पुढे केला. आणि विठूनं काय केलं, तर तो बनियन आणि सुरेशचा तो हात बघून मुकाट्यानं खाली वाकला आणि आमच्या चपला गोळा करायला लागला. काळी, तपकिरी, एकेक करून पंच्यात ठेवत होता. सासऱ्याकडे पाठ करून. मला त्या क्षणी त्याच्याकडे बघवेना.

जनूभाऊंनी बनियन विठूच्या डोक्यावर टाकला. आणि सुरेशकडे वळून म्हणाले, "चपला बग."

विठूची पहिली चढाई मी कधी विसरणार नाही. तो मध्यरेषा ओलांडून गेला, पण इतक्या वर्षांच्या गप्प बसण्यानं त्याचा आवाजच फुटेना. ओठ नुसते हलत होते. पंचांनी थांबवून विचारलं, "खेळतोस की जप करतोस?" मग तो एकदम एवढ्या मोठ्यानं ओरडला की झाडावरचे बगळे उडाले. कळंबचा उजवा कोपरा म्हणजे विठूचा चुलत मेव्हणा. त्यानं झडप घालून विठूचा घोटा पकडला. पकड पक्की होती. आता विठू संपला असं मी धरून चाललो, तोच खुर्चीतून हिराजीशेट उठून उभे राहिले. "आरं ए," ते म्हणाले, "जावयाचा पाय हाय त्यो."

मेव्हणा गोंधळला. जावयाचा पाय धरायचा तो धुवायला, ओढायला नव्हे, हे त्याला लहानपणापासून माहीत. त्यानं घोटा सोडला. विठू रेघेवर परत आला आणि आम्हाला गुण मिळाला. पुढच्या चढाईलाही तेच. गावचा जावई म्हटल्यावर सगळं गावच त्याचं सासर. कुणी त्याचा हात धरी आणि ओशाळून सोडी, कुणी कमरेला विळखा घालायचा तर नुसताच बाजूला होई. मध्यंतराला आम्ही पुढे होतो. विठूची सासू नारळ घेऊन तयारच होती.

मध्यंतरात कळंबचा कर्णधार हिराजीशेटकडे गेला. "काका, जावयाचा मान ठेवला तर गावाची ढाल जाते. काय करू ते सांगा." आता निवडायची पाळी हिराजीशेटवर आली. त्यांनी फेटा काढला, परत घातला, मुलीकडे पाहिलं, आणि शेवटी म्हणाले, "धरा. पन पाडाल तवा खाली हात घाला."

आणि त्यांनी ते तंतोतंत पाळलं. विठू चढाईला गेला तसे कळंबचे सातही जण एकदम त्याच्यावर आले, त्याला उचललं आणि तान्ह्या पोराला पाळण्यात ठेवावं तसं अलगद मातीवर ठेवलं. पुढच्या वेळी पुन्हा तेच. दुसऱ्यांदा बाद होऊन आला तेव्हा विठू धापा टाकत जनूभाऊंना म्हणाला, "भाऊ, माजं झालं. आता सुऱ्याला धाडा." बनियन त्यानं स्वतःच काढून दिला आणि चपलांपाशी जाऊन बसला. सुरेश कुणाचा जावई नव्हता. उरलेल्या वेळात तो विजेसारखा खेळला, पण वेळ पुरला नाही. आम्ही एका गुणानं हरलो.

ढाल कळंबला राहिली. भिसेगावात पुढे कित्येक दिवस जनूभाऊंना बोल लावले जात होते, की सुरेशला पहिल्यापासून खेळवला असता तर ढाल आपल्या देवळात असती. ते खरंच होतं. मी त्यांना एकदा विचारलं, "तुम्हालाही ते कळत होतं ना?" ते म्हणाले, "कळत व्हतं की. पन सुऱ्याला उद्या हाय. इठूचं उद्या कवाचं येतंय, येतंय, येतच नाय." मग म्हणाले, "आनि चपला गोळा करत व्हता रं. सासऱ्याम्होरं."

सुरेशचा उद्या भरपूर आला. त्यानं आम्हाला ढाली मिळवून दिल्या. पण कळंबला आजही गोष्ट सांगतात ती विठूची. हिराजीशेट भेटेल त्याला सांगत, "आमच्या एकट्या जावयाला धरायला सात जन लागले." विठू पुन्हा राखीव झाला, पण सासरी त्याला पाट नेहमी मधला मिळाला.

जनूभाऊ निवृत्त झाले, तरी संघ त्यांच्याकडेच राहिला. नंतर विठू त्यांच्या हाताखाली पोरांना कबड्डी शिकवायला लागला. ज्या वर्षी ते गेले त्या वर्षीही संघात दोन पोरांतून एकाला घ्यायचं होतं आणि आजारपणात ते तसंच राहून गेलं होतं. दहाव्याला उल्हास नदीवर पिंड ठेवला, पण कावळा शिवेना. समोरच्या उंबरावर एक बसला होता, पण पिंडाकडे बघे आणि मान फिरवी. मुलांनी कबूल केलं, आईला सांभाळू. पुतण्यानं सांगितलं, घराची डागडुजी करू. कुणीतरी म्हणालं, दोन्ही चपला बरोबर घ्यायला हव्या होत्या. कावळा ढिम्म.

मग विठू पुढे झाला. हात जोडले आणि पहिल्या चढाईच्या वेळी पुटपुटला होता तसंच पुटपुटला, "भाऊ, यंदा कोन खेळनार ते मी ठरवतो. आनि ज्याला बशिवनार, त्याच्या घरी सांगायला बी मीच जातो. तुमी नका काळजी करू."

कावळा उडाला आणि सरळ पिंडावर येऊन बसला. मला रडू आवरेना, आणि शेजारी उभ्या सुरेशलाही.

शब्द दिलेला, म्हणून विठू त्याच संध्याकाळी निघाला. बसवायच्या पोराचं घर जवळच होतं. मी बाहेर ओट्यावर थांबलो. आतून ताटाचा आवाज आला, पोराच्या आईचं बोलणं ऐकू आलं. विठू पंच्यानं तोंड पुसत बाहेर आला आणि माझ्याकडे न बघता चालायला लागला.

"सांगितलंस?" मी विचारलं.

"सांगितलं," तो म्हणाला.

"काय सांगितलंस?"

विठूनं पंचा खांद्यावर टाकला आणि म्हणाला, "तूच."