तुलारामचा पट्टा, रेवताबाईचा हात

मोहाडीकडच्या एका तलावकाठच्या गावात रेवताबाई राहते. घर ढिवराचं, धंदा मासोळीचा. नवरा तुलाराम जाळं टाकतो आणि ही टोपलं डोक्यावर घेऊन गावोगाव विकते. नवी नवरी होती तेव्हा डोंग्यात बसायला घाबरायची. सासू म्हणाली, "पाण्याले भेतेस त मासोळ्या का भिंतीवर धरशील वं?" तेव्हापासून ही बाई कशालाच भीत नाही, असं गाव समजतं. गावाचं काय, गाव काहीही समजतं.

मागच्या दिवाळीनंतर गावात शिबिर भरलं. नागपूरच्या कुठल्याशा कॉलेजातले डॉक्टर मनगटावरच्या यंत्राचं संशोधन करत होते. माणूस गावात, डॉक्टर शहरात, आणि मधे फक्त एक पट्टा. बीपीवाली माणसं निवडून त्यांना पट्टे वाटले. तुलारामचा बीपी चढलेला निघाला, म्हणून त्यालाही मिळाला. काळा, घड्याळासारखा. नाडीचे ठोके मोजायचा आणि सोबत दिलेल्या मोबाईलमधून थेट नागपूरला पाठवायचा. देखरेखीला ज्योत्सना नेमली होती. मोहाडीची पोर, स्कुटीवर यायची, गोड बोलायची. तिनं बजावून सांगितलं, "काका, आंघोळीतही काढायचा नाही बरं. पाणी चालते त्याले."

पाणी चालत होतं, जाळं चालत नव्हतं. तुलारामचा काका गोमाजी हातातल्या कड्यासकट पाण्यात उतरला होता. जाळ्याची गाठ कड्यात अडकली, आणि जाळं माशांच्या सोबत गोमाजीलाही खाली घेऊन गेलं. तेव्हापासून त्या घरचा माणूस जाळ्याला हात लावायच्या आधी मनगट मोकळं करतो. अंगठी नाही, धागा नाही, काहीच नाही. हे ज्योत्सनाला कोणी सांगितलं नाही, कारण तिनं विचारलं नाही. तिच्या मोबाईलात विचारायच्या गोष्टी पुष्कळ होत्या, पण बुडालेला काका त्यात नव्हता.

तुलाराम सकाळी पट्टा काढायचा, तलावाच्या पाळीवरच्या, म्हणजे बांधावरच्या, झुडपाला अडकवायचा आणि डोंगा लोटायचा. दोन-चार दिवसांत ज्योत्सना तोंड पाडून दारात उभी.

"काका, रोज सकाळी तुमचे ठोके गायब होतात. सर मले फोनवर झापतात. पेशंट मेला का पट्टा मेला, म्हणतात."

"मी त जिता आहो," तुलाराम म्हणाला. "तुया सरले सांग, दोन वेळा जेवतो पण."

पोर हसली नाही. तिचं ते उतरलेलं तोंड रेवताबाईच्या मनात राहिलं. दुसऱ्या सकाळी तुलारामनं पट्टा काढला, तसा तिनं तो घेतला आणि बांगड्यांच्या वर आपल्याच हाताला आवळला.

"काय वं, मायावाला पट्टा तू घालतेस?"

"तुमच्या नावाचं मंगळसूत्र घातलं, त पट्ट्यानं का पाप केलं? ठोके ते ठोकेच असतात जी. पोरीची नोकरी त राहील."

झालं, तोच नेम पडला. तो पाण्यात, ती पाळीवर. जाळं सोडव, मासोळ्या निवड, ओझं घेऊन पाळ चढ, सगळं ती पट्टा घालून करायची. तो काठाला आला की पट्टा त्याच्या हातात. ज्योत्सनाचा चेहरा खुलला. नागपूरही गप्प बसलं.

उन्हं तापायला लागली तशी एक दिवस ज्योत्सना आली आणि समोरचा चहा तिनं तसाच निवू दिला.

"काका, सरांचा फोन होता. दिवसभर तुमचे ठोके सरळ, रात्री सरळ. सकाळीच बिघडतात. मधेच पळत सुटतात, मधेच थांबतात. एकदा त इतके थांबले का सर खुर्चीतून उठून उभे झाले म्हणे."

तुलारामच्या हातातली बिडी तशीच राहिली. सकाळ म्हणजे उठल्यापासून डोंगा लोटेपर्यंतची, असंच त्यानं धरलं; तेवढा वेळ पट्टा त्याच्याच हाताला असायचा. "मले त काही समजत नाही."

"समजत नाही, म्हणून त पट्टा आहे, काका."

रेवताबाई चुलीपाशी होती. ती वळली नाही. सकाळ, हा एकच शब्द तिच्या कानात बसला. पाळ चढताना डोळ्यांपुढे अंधारी यायची, छातीत काहीतरी टोपल्यात टाकलेल्या मासोळीसारखं तडफडायचं आणि निपचित पडायचं. ती म्हणायची उपाशीपोटीचं आहे, म्हणायची वय झालं. आता नागपूरला बसलेल्या माणसानंही ते पाहिलं होतं.

तेव्हाच बोलायचं होतं बाईनं. पण बोललं तर नवरा बिघडेल, पोरीची नोकरी जाईल, असं ती स्वतःला सांगत राहिली. खरं कारण त्याच्या खाली होतं. तोंडातून निघेपर्यंत ते दुखणं तुलारामच्या नावावर होतं. बोलली की तिचं झालं असतं.

डॉक्टरांनी तुलारामला बोलावून छातीचा आलेख काढला. आलेख सरळ. पण डॉक्टर म्हणाले, हा आजार लपून बसतो, आलेखात सापडत नाही, पट्ट्यालाच सापडतो. ठोके आवरायच्या गोळ्या लिहून दिल्या आणि पाण्यात जायला मनाई केली.

तुलारामनं गोळ्यांचं ऐकलं, पाण्याचं ऐकलं नाही. "पाण्यात नाही गेलो त खाऊ काय, गोळ्या?" म्हणे. गोळ्या तो देवाच्या प्रसादासारख्या घ्यायचा. हळूहळू त्याचा हात गार पडायला लागला. हाक मारली की थोड्या वेळानं बघायचा. उठताना भिंत धरायचा. धडधाकट काळजाला लगाम घालून ठेवला होता, आणि ज्याला घालायचा ते मोकळंच तडफडत होतं. हे सगळ्या गावात रेवताबाईला एकटीला ठाऊक होतं, आणि ती भाकरी थापत होती.

"गोळ्या नका घेऊ जी," ती एकदा म्हणाली.

"काहून? मले मारतेस का?"

तिनं गोळ्या तांदळाच्या ढोलीत लपवल्या, तर यानं ज्योत्सनाकडून नव्या मागवल्या. इतका शहाणा रोगी डॉक्टरांना दुसरा मिळाला नसता.

मग ती सकाळ आली. तलावावर वारा नव्हता, पाणी ताटात ओतल्यासारखं पडलं होतं. तुलारामनं मनगट मोकळं केलं आणि डोंगा लोटला. पहिली खेप काठावर टाकून तो पुन्हा आत गेला, आणि रेवताबाई पट्ट्यासकट ओझं घेऊन पाळ चढायला लागली. अर्ध्यातच छातीत ते सुरू झालं. टोपलं खाली ठेवून ती बसली. शेजारी पिशवीतला पट्ट्याचा मोबाईल किंचाळायला लागला. असा तो पहिल्यांदाच ओरडत होता.

तिनं तलावाकडे पाहिलं. मधोमध डोंग्यात तुलाराम उभा होता. एका हातावर जाळं, दुसरा हात कपाळाला. उभ्या उभ्या डुलत होता. डोंगा या अंगाला, त्या अंगाला.

रेवताबाईनं छाती दाबली आणि होता नव्हता तो जीव आवाजात घातला.

"अजी! खाली बसा! तुमचं काळीज चांगलं आहे जी! बिघडलं ते मायं आहे!"

पाण्यावरून आवाज दूर जातो. तुलारामनं ऐकलं. समजलं किती देव जाणे, पण तो मटकन डोंग्यात बसला. जाळं पाण्यात गेलं, माणूस राहिला. बांबू टेकत टेकत तो काठाला आला, तोवर ज्योत्सनाची स्कुटी पाळीवर पोचली होती. तिच्याही मोबाईलवर ती किंकाळी गेली होती.

ती धावत तुलारामकडे गेली. "काका, निजा! हलू नका!"

"त्याइले सोड पोरी," रेवताबाई म्हणाली. "इकडे ये." आणि तिनं हात पुढे केला.

ज्योत्सना आधी पट्ट्याकडे पाहत राहिली, मग बांगड्यांकडे, मग तुलारामच्या उघड्या मनगटाकडे.

"कधीपासून, मावशी?"

"तुयं तोंड पडलं होतं ना, तेव्हापासून. रोज सकाळी."

पोरीनं नागपूरला फोन लावला, आवाज मोठा केला, अडखळत सगळं सांगितलं. डॉक्टर बोलले, आवाज अगदी बारीक. "काकांच्या गोळ्या आत्ता बंद. अॅम्ब्युलन्स बोलवा. त्या बाईंना भंडाऱ्याला न्या, मी तिथं फोन करतो. आणि त्यांना चालू देऊ नका. एक पाऊलही नाही."

जन्मभर जिनं ओझं घेऊन गावं तुडवली, तिला पाळीवरून उतरायलाही बंदी आली. "मंग मले का उडवत नेता?" ती म्हणाली.

तुलाराम तिच्या शेजारी मातीत बसला. ओल्या हातानं त्यानं तिचं मनगट धरलं, पट्ट्यासकट. "सांगितलं काहून नाही वं मले?" तो म्हणाला. मग त्यानं ज्योत्सनाला विचारलं, "पाह्य बरं पोरी, आता काय दाखवते."

ज्योत्सनानं मोबाईल पाहिला. "ठीक आहे काका," ती म्हणाली आणि पाठ फिरवून दोन पावलं लांब गेली. तिथून ती हळू आवाजात अॅम्ब्युलन्सवाल्याला विचारत होती, "दादा, कुठपर्यंत आले? जरा लवकर या ना, दादा."

रेवताबाईनं जन्मभर गिऱ्हाइकांचे चेहरे वाचले होते, पोरीची पाठ वाचायला तिला वेळ लागला नाही. तिनं नवऱ्याकडे पाहिलं.

"अजी," ती म्हणाली, "गंजात भात झाकून ठेवला आहे. गाडी येईपर्यंत घरी जाऊन दोन घास खाऊन घ्या. मंग तुमचं जेवण कोण पाहीन?"

तुलाराम उठला नाही. त्यानं मनगट आणखी घट्ट धरलं.