बंबवाल्या आप्पांना एक माणूस हवा होता

आमच्या नगरपालिकेच्या अग्निशमन केंद्रात रोज सकाळी हजेरी व्हायची आणि सगळ्या पदांना एकच माणूस ओ द्यायचा. मंजूर पदांचा फळा भिंतीवर होता. बंबवाले आप्पा त्याच्यासमोर उभे राहून स्वतःच पुकारत, "चालक?" आणि स्वतःच म्हणत, "हजर." "पंपचालक?" "हजर." "फायरमन?" इथे ते माझ्याकडे बघत. "भाऊ, हसू नको. हजर शे!" मी पाणीपट्टीचा कारकून. फोन घ्यायला कुणी नाही म्हणून मला तात्पुरता तिथे बसवला होता. ते तात्पुरतं चार वर्षं चाललं.

एकदा भरदुपारी मिरची वाळत घालायच्या पथारीला आग लागली. मिरचीचा धूर म्हणजे काय, हे आमच्या नंदुरबारकडच्या माणसाला सांगायला नको. केंद्रात धड मास्क एकच होता. तो आप्पांनी तेव्हा मदतीला आलेल्या कंत्राटी माणसाला दिला आणि स्वतः तोंडाला ओला रुमाल बांधून आत शिरले. नंतर आठवडाभर त्यांचा खोकला थांबेना. "मी म्हातारा माणूस, मन्हा फुफ्फुसले आते कोन इचारस?" म्हणाले. महिन्याभरात त्या माणसाचं कंत्राट संपलं. नेहमीचंच होतं ते. माणूस कामाला लागला रे लागला की त्याचं कंत्राट संपे.

खरी अडचण पंपाची होती. बंब जुना, पंप त्याहून खोडील. आधी त्यातली हवा काढायची, मग खटका अर्धाच ओढायचा, आवाज बदलेपर्यंत थांबायचं आणि मग पूर्ण. घाई केली की पंप रुसायचा. हे कुठल्या पुस्तकात नव्हतं, फक्त आप्पांच्या हातात होतं. निवृत्तीच्या वर्षी त्यांनी एकच मागणी लावून धरली, शिकवायला एक कायम माणूस द्या. अर्ज माझ्याच हस्ताक्षरात जात. उत्तर एकच येई, प्रस्ताव विचाराधीन आहे.

शेवटी ते मला म्हणाले, "माणूस काई भेटत नही, भाऊ. तूच शिकी ले."

"आप्पा, मी कारकून माणूस. पंप आला तर मला कायमचा इथेच चिकटवतील."

आप्पा हसले. "हाई बी खरंच शे." पुन्हा त्यांनी विषय काढला नाही. त्यांनी दोन शब्द सुनावायला हवे होते, असं मला आजही वाटतं.

शाल-श्रीफळ घेऊन आप्पा सुरतेला लेकीकडे गेले. बंबावर घंटागाडीचा चालक आला. गाडी तो झकास चालवायचा.

मग एका सकाळी गादीवाल्या चाचांच्या घराला आग लागली. दुसरं कुणी नव्हतं म्हणून चालकासोबत मीही बंबावर गेलो. घरभर पिंजलेला कापूस. माणसं बाहेर पडली होती आणि आम्हीही वेळेवर पोहोचलो होतो, हे मुद्दाम सांगतो. टाकी काठोकाठ भरलेली, नळी ओढलेली आणि पंप मात्र पाणी उचलेना. चालकाने खटका ओढ ओढ ओढला. लोक घागरी घेऊन धावले. चाचा एकदा घराकडे बघत, एकदा बंबाकडे.

मी सुरतेला फोन लावला. आप्पा एकेक सांगत गेले आणि मी करत गेलो. दोनदा चुकलो. तिसऱ्यांदा नळी फुगली, पाणी सुटलं. तेवढ्यात आढं खाली आलं.

"पानी उनं का?" आप्पांनी विचारलं.

"उनं, आप्पा."

"आनि घर?"

"गेलं."

मला शिव्या हव्या होत्या. आप्पा अगदी हळू म्हणाले, "जाऊ दे. आते तू तरी शिकी गया."

चाचा रस्त्याच्या कडेला बसले होते. टाकी रिकामी होईपर्यंत मी राखेवर पाणी मारत राहिलो.